स्क्रोल सॉचे पाते सारखे तुटत असेल तर काय तपासावे

स्क्रोल सॉवर, म्हणजे बारीक पाते वर-खाली चालवून लाकडात नक्षी कापणाऱ्या यंत्रावर, काम करणाऱ्याचे पाते अधूनमधून तुटणारच. पाच नंबरचे नेहमीचे पाते जेमतेम १ मिलिमीटर रुंद आणि ०.४ मिलिमीटर जाड असते, आणि ते मिनिटाला ४०० ते १६०० वेळा वर-खाली ओढले जाते. अर्धा-पाऊण तास सागवान कापून, दात बोथट होऊन ते तुटले तर त्याचे आयुष्य संपले असे समजावे आणि नवे लावावे. मात्र नवे पाते पाच-दहा मिनिटांत तुटते, त्याच्या जागी लावलेलेही तसेच जाते आणि एका संध्याकाळी अर्धा डझन पाती संपतात, तेव्हा कुठेतरी एक ठरावीक दोष असतो. तो शोधण्याचा क्रम खाली दिला आहे. माझ्या स्वतःच्या यंत्रावर आणि प्रदर्शनांत ओळख झालेल्या इतर हौशी मंडळींच्या यंत्रांवर हा दोष मी इतक्या वेळा काढला आहे की आता यंत्र पाहण्याआधी मी तुटलेले पाते मागते.

लक्षणे

पाते कुठे तुटले हेच सर्वांत महत्त्वाचे लक्षण आहे. वरच्या किंवा खालच्या क्लॅम्पच्या, म्हणजे पात्याचे टोक धरणाऱ्या पकडीच्या, अगदी तोंडाशी ते तुटत असेल, तर दोष बहुधा ताणात किंवा क्लॅम्पमध्ये असतो. टेबलाच्या पातळीजवळ, म्हणजे लाकडात असलेल्या भागात तुटत असेल, तर कमी ताण, पात्याचा नंबर, लाकूड किंवा आपला हात यांकडे पाहावे. पाते न तुटता टण् असा आवाज करून अखंडच क्लॅम्पमधून निसटत असेल, तर तो पकडीचा प्रश्न आहे. चौथा प्रकार तुटण्याच्या आधीचा आहे. काप रेघेवरून घसरतो, लाकडाची कड काळी पडते किंवा कापलेली बाजू सरळ न येता पोट सुटल्यासारखी फुगीर येते. ही लक्षणे दिसू लागली की पाते पुढच्या दोन-चार वळणांत तुटणार असे धरून चालावे.

म्हणून तुटलेले तुकडे लगेच फेकू नयेत. दोन्ही तुकडे टेबलावर शेजारी ठेवून मोडलेली जागा पाहावी आणि सलग तीन-चार पाती एकाच जागी तुटली आहेत का, एवढे तपासावे. एकाच जागी असतील तर दोष यंत्राचा असण्याची शक्यता मोठी आहे. वेगवेगळ्या जागी असतील तर आधी आपल्या हाताची चौकशी करावी.

पाते तुटल्यावर वरच्या क्लॅम्पमध्ये राहिलेला तुकडा यंत्र बंद होईपर्यंत टोचा मारल्यासारखा वर-खाली होत राहतो आणि लाकडात किंवा बोटात शिरू शकतो. अशा वेळी लाकूड ओढून काढण्याचा प्रयत्न न करता आधी बटण बंद करावे, हात जागीच स्थिर ठेवावा आणि भुजा (पाते वर-खाली ओढणारा यंत्राचा दांडा) थांबल्यावरच लाकूड उचलावे. प्रत्यक्ष कापून पाहायचे असेल तेवढे सोडून पुढची प्रत्येक तपासणी प्लग भिंतीतून काढून करायची आहे.

विनाखर्चाच्या तपासण्या

सर्वांत आधी पाते उलटे तर बसवले नाही ना, हे पाहावे. दात खालच्या दिशेने असले पाहिजेत. दोन किंवा त्याहून बारीक नंबरच्या पात्याचे दात चाळिशीनंतर डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून जुन्या सुती कपड्यावरून पाते दोन्ही दिशांनी हलके ओढावे. ज्या दिशेला ते अडकते त्या दिशेला दात आहेत. उलटे बसवलेले पाते प्रत्येक फेऱ्याला लाकूड टेबलावरून उचलते, लाकूड थडथडते आणि दोन मिनिटांत पाते जाते. शेवटचे काही दात उलट्या दिशेचे असलेली पाती वापरत असाल, तर भुजा सर्वांत वर असताना त्यांपैकी दोन-तीनच दात टेबलाच्या वर आले पाहिजेत. त्याहून जास्त येत असतील तर पात्याच्या खालच्या टोकाचा तेवढा भाग पक्कडीने तोडून पाते खाली घ्यावे, फक्त दोन्ही टोके क्लॅम्पमध्ये पुरेशी जातात हे पाहावे.

दुसरी तपासणी तेलाची. पाती गंजू नयेत म्हणून त्यांना कारखान्यातच तेल लावलेले असते. क्लॅम्प पात्याचे टोक अगदी थोड्या मिलिमीटरांतच धरतो, आणि तेवढ्या जागेत तेलाचा पापुद्रा असला की कितीही आवळले तरी पाते सरकते. मग आपण आणखी आवळतो, पुढे पक्कड लावून आवळतो आणि तिथून क्लॅम्पच खराब होऊ लागतो. दोन्ही टोके थिनरमध्ये भिजवलेल्या चिंधीने पुसावीत आणि २२० नंबरच्या पॉलिश पेपरवर एकदा हलकेच घासावीत. अखंड पाते निसटण्याच्या बहुतेक तक्रारी एवढ्यावरच मिटतात. मधला भाग मात्र तेलकटच राहू द्यावा. कोकणातल्या पावसाळ्यात उघडे ठेवलेले पाते आठवडाभरात तांबूस होते, आणि गंजाने पडलेल्या सुईच्या टोकाएवढ्या खड्ड्यापासूनच पुढे ते मोडते. पाती झाकणाच्या नळीत, ओलावा शोषणाऱ्या पुडीबरोबर ठेवावीत. तांबूस झालेली पाती वापरण्याचा मोह टाळावा.

तिसरी तपासणी ताणाची. इथे कमी आणि जास्त, दोन्ही बाजूंच्या चुका होतात. ताण कमी असला की पाते लाकडात मागे वाकते, पुढच्या फेऱ्याला सरळ होते, पुन्हा वाकते, आणि तार हाताने मागे-पुढे वाकवून तोडावी तसे ते मधोमध तुटते. फुगीर कड येण्याचे कारणही हेच वाकणे आहे. ताण जास्त असला की पाते क्लॅम्पच्या तोंडाशी, म्हणजे जिथे ते ताठ धरलेले असते तिथे तुटते. माझी पद्धत अशी आहे की ताण दिल्यावर पात्याला तंबोऱ्याच्या तारेसारखे छेडावे. भद्द आवाज आला तर ताण कमी आहे, स्वच्छ आणि उंच स्वर आला तर ठीक आहे. कान तयार होईपर्यंत बोटाने बाजूने हलके दाबून पाहावे. पाते २ ते ३ मिलिमीटरांहून जास्त हलता कामा नये. बारीक पात्याला हाच ताण झेपत नाही, त्यामुळे नऊ नंबरचे पाते काढून २/० लावताना ताणाची कळ आधीच्याच खुणेवर नेऊ नये. काम संपल्यावर ताण सोडून ठेवावा.

पात्याचा नंबर आणि लाकूड

पात्यांचे नंबर उलटसुलट वाटतात, म्हणून एकदा स्पष्ट करते. नंबर जितका मोठा तितके पाते रुंद आणि दणकट असते, आणि २/० हे शून्यापेक्षाही बारीक असते. मी ३ ते ६ मिलिमीटरच्या प्लायला २/० किंवा एक, १० मिलिमीटरपर्यंत तीन, १२ ते १८ मिलिमीटरच्या सागवानाला पाच आणि त्याहून जाड किंवा शिसवासारख्या कठीण लाकडाला सात ते नऊ नंबर लावते. जाड लाकडात बारीक पाते घातले की ते भुसा बाहेर टाकू शकत नाही, तापते आणि तुटते. उलट बाजूची चूक कमी लोकांना ठाऊक असते. नऊ नंबरच्या पात्याचे दात साधारण २ मिलिमीटरहून जास्त अंतरावर असतात, त्यामुळे ३ मिलिमीटरच्या प्लायमध्ये एका वेळी एखादाच दात असतो आणि तो प्लायची कड आकडीसारखी पकडून ओढतो. लाकडाच्या जाडीत निदान तीन दात सतत राहतील असे पाते निवडावे.

लाकडाविषयी दोनच गोष्टी सांगते. सागवानात वाळूसारखा सिलिकाचा अंश असतो, त्यामुळे ते हाताला मऊ लागले तरी पात्याचे दात लवकर मारते. पाइनवर तासभर चाललेले पाते सागवानावर तेवढे चालावे ही अपेक्षा चुकीची आहे. आणि लाकूड ओले असेल तर मागची चीर मिटत येऊन पाते चिमटते. आषाढात वखारीतून आणलेली फळी निदान काही आठवडे घरात उभी करून ठेवल्याशिवाय मी तिला हात लावत नाही. नक्षीच्या कागदावर किंवा त्याच्याखाली रुंद पारदर्शक चिकटपट्टी लावल्यास कड कमी जळते. हा उपाय जवळजवळ फुकट आहे आणि सागवानावर तर हमखास उपयोगी पडतो.

हाताची तपासणी

हा भाग कोणाला आवडत नाही, पण टेबलाच्या पातळीवर तुटलेल्या पात्यांपैकी बहुतेक हातानेच तोडलेली असतात.

बहुतेक पात्यांचे दात पोलादी पट्टीतून पाडताना एका बाजूला सूक्ष्म धारदार कड राहते. वर्कशॉपात तिला बर म्हणतात. त्या बाजूने पाते जास्त कापते, म्हणून लाकूड नाकासमोर सरळ ढकलले तर काप हळूहळू एका बाजूला सरकतो. नवशिक्या माणसाला वाटते की पाते चुकते आहे, म्हणून तो लाकूड बाजूला दाबून पाते रेघेवर आणू पाहतो. त्या दाबाने पात्याला पीळ बसतो, आणि पिळलेले पाते पुढच्या वळणावर तुटते. खरा उपाय असा, की लाकूड थोडे तिरके धरून ढकलावे. किती तिरके, हे टाकाऊ फळीवर एक वीतभर सरळ रेघ कापून पाहिले की कळते. नवे पाते लावल्यावर मी दरवेळी अशी एक रेघ कापते.

ढकलण्याचा जोर किती असावा, याची खूण भुशात मिळते. पाते कापत असेल तर भुसा सारख्या गतीने पडत राहतो. जोर वाढवूनही भुसा वाढला नाही तर तो जोर पाते वाकवण्यात जातो आहे, आणि पाते बोथट झाले आहे हे समजून बदलावे. एक पाते वाचवताना तीन तासांची नावाची पाटी बिघडते.

देवनागरी नावांच्या पाट्या करणाऱ्यांना एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. आपल्या लिपीत शिरोरेषेमुळे सगळे नाव एका तुकड्यात निघते, ही मोठी सोय आहे, सुटा राहतो तो बहुधा अनुस्वार. पण प्रत्येक दंड जिथे शिरोरेषेला भेटतो तिथे एक अरुंद, बंद काटकोन तयार होतो, आणि पाती नेमकी तिथे मोडतात. त्या कोपऱ्यात पोहोचल्यावर पुढे ढकलणे पूर्ण थांबवावे, चिरीतून २ मिलिमीटर मागे यावे, टाकाऊ बाजूचे लाकूड दोन-तीन वेळा कुरतडून पात्याला फिरायला जागा करावी आणि मग यंत्र चालू असतानाच लाकूड पात्याभोवती फिरवावे. फिरवताना दाब दातांवर नव्हे, तर पात्याच्या गुळगुळीत पाठीवर किंचित असावा. क आणि व यांच्या पोटातल्या बंद जागेसाठी पाडलेले भोक सरळ उभे असले पाहिजे. तिरक्या भोकात पाते ताणल्यावर ते कडेला टेकून धनुष्यासारखे वाकते आणि ताण देतानाच अर्धे मेलेले असते. भोकाच्या मागच्या बाजूला उठलेली कुसे पॉलिश पेपरने काढावीत, कारण त्यांच्यामुळे फळी टेबलावर डुलते. पिनवाली, म्हणजे टोकांना आडवी पिन असलेली, पाती लावत असाल तर पिन जाण्यासाठी भोक मोठे करावे लागते, आणि म्हणूनच अक्षरांच्या बारीक पोटांसाठी सपाट टोकाचीच पाती घ्यावीत.

टेबल आणि क्लॅम्प

टेबल पात्याशी काटकोनात नसेल तर पाते त्यानेच तुटेल असे नाही, पण आपण रेघ सांभाळायला बाजूने दाबू लागतो, म्हणून हे तपासावे. लहान गुण्या टेबलावर ठेवून पात्याला भिडवावा. त्याहून खात्रीची पद्धत अशी. ४० मिलिमीटर जाडीच्या ठोकळ्यावर समोरून एक बारीक चीर घ्यावी, ठोकळा अर्धा फिरवून पात्याच्या मागे आणावा आणि पाते त्या चिरीत सहज बसते का पाहावे. टेबल कललेले असेल तर फरक दुप्पट होऊन दिसतो.

आता क्लॅम्प. इथे माझी स्वतःची गोष्ट सांगते, कारण तिच्यातूनच मी तुकडे जपून ठेवायला शिकले. दिवाळीच्या प्रदर्शनासाठी चौदा पाट्या करायच्या होत्या आणि एका संध्याकाळी माझी अकरा पाती तुटली. मी पात्यांची कंपनी बदलली, ताण कमी केला, पुन्हा वाढवला, वेग उतरवला. रात्री केर काढताना सुपलीत पडलेले तुकडे पाहिले, तर अकराच्या अकरा पाती वरच्या क्लॅम्पच्या तोंडाशी, एकाच अंतरावर मोडली होती. क्लॅम्पचा स्क्रू काढला तेव्हा त्याचे टोक वर्षानुवर्षांच्या आवळण्याने छत्रीसारखे पसरून एका बाजूला कलले होते. ते पात्याला सरळ दाबण्याऐवजी तिरके ढकलत होते, त्यामुळे प्रत्येक पाते क्लॅम्पमधून बाहेर येतानाच किंचित वाकलेले असे. बारीक कानशीने टोक सपाट करायला दहा मिनिटे लागली. दुसऱ्या दिवशी एका पात्यावर दोन पाट्या झाल्या.

त्यामुळे वरचा आणि खालचा, दोन्ही क्लॅम्प उघडून पाहावेत. आत दाबून बसलेला भुसा टूथब्रशने काढावा. स्क्रूचे टोक आणि त्याच्या समोरची पकडीची बाजू यांवर बोट फिरवून खाच पडली आहे का पाहावे. ती आरशासारखी गुळगुळीत झाली असेल तर पॉलिश पेपरने खरखरीत करावी. टोक पसरले असेल तर कानशीने सपाट करावे, आटे मेले असतील तर स्क्रू बदलावा. हा खर्च फार नसतो. मग सात किंवा नऊ नंबरचे रुंद पाते लावून, डोळा पात्याच्या रेषेत आणून समोरून पाहावे. वरचा आणि खालचा क्लॅम्प एका रेषेत नसतील, तर पाते पिळलेल्या रिबिनीसारखे दिसते. क्लॅम्प भुजेवर ज्या स्क्रूने बसवलेला असतो तो ढिला करून ही रेष पुष्कळ यंत्रांवर घरीच जुळवता येते. स्क्रू हातानेच किंवा यंत्राबरोबर आलेल्या चावीने आवळावेत. पक्कड लावावीशी वाटली, तर पुन्हा तेलाच्या तपासणीकडे जावे.

भुजा आणि बेअरिंग

इथवर दोष सापडला नसेल तर पाते काढून, प्लग काढलेलाच ठेवून वरची भुजा धरावी आणि डावी-उजवीकडे हलवून पाहावी. खटखट जाणवली तर भुजेच्या सांध्यातले बेअरिंग किंवा बुश झिजले आहे. पाते बसवून, मागून एक चौकोनी ठोकळा त्याला हलका टेकवावा आणि भुजा हाताने पूर्ण फेरा फिरवावी. ठोकळा आणि पाते यांच्यामध्ये थोडीशी फट उघडणे-मिटणे पुष्कळ यंत्रांत रचनेमुळेच असते, पण बाजूने मात्र पाते हलता कामा नये. यंत्र टेबलाला बोल्टने पक्के आहे का, हेही आत्ताच पाहावे, कारण थरथरणाऱ्या यंत्रावर हात नकळत लाकूड घट्ट दाबतो. माहितीपुस्तकात तेल किंवा ग्रीसची जागा दिली असेल तर तेवढेच द्यावे.

इथे थांबावे

झिजलेली बेअरिंग काढण्यासाठी भुजा उतरवावी लागते आणि प्रेस लागतो. हातोड्याने बेअरिंग ठोकून बसवल्यास भुजेची रेषाच बिघडते. हे काम जाणकार मेकॅनिककडे द्यावे. भुजेच्या ओतीव भागाला केसाएवढी जरी भेग दिसली, तरी यंत्र वापरणे तत्काळ बंद करावे.

विजेचे काही असेल तर आणखी आधी थांबावे. मोटारीला जळका वास येणे, यंत्राच्या धातूला हात लागल्यावर झिणझिण्या येणे, वेगाचे बटण फिरवूनही वेग न बदलणे किंवा आपोआप चढणे, मोटार गुंई करत अडून राहणे, यांपैकी काहीही दिसले तर प्लग काढावा आणि मोटारीचे झाकण स्वतः उघडू नये. मोटारीला कपॅसिटर असेल तर प्लग काढल्यानंतरही त्यात विजेचा भार राहू शकतो. अमेरिकेतून नातेवाइकांनी आणलेले यंत्र असेल तर पहिल्यांदा चालू करण्याआधीच इलेक्ट्रिशियनला दाखवावे. तिथला पुरवठा १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्‌झचा, आपला २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्‌झचा. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवतो, हर्ट्‌झ बदलत नाही. इंडक्शन मोटार अशा वेळी हळू फिरते आणि जास्त तापते. माझ्या एका परिचितांनी असे यंत्र थेट भिंतीतल्या प्लगला लावले आणि ते एक पाटीही कापू शकले नाहीत.

मेकॅनिककडे जाताना शेवटची पाच-सहा तुटलेली पाती पाकिटात घालून बरोबर न्यावीत. पाकिटावर पात्याचा नंबर, लाकूड, जाडी आणि किती मिनिटे चालले एवढे लिहावे. पात्यांचे वरचे टोक कोणते, हे मार्करच्या टिपक्याने दाखवावे, नाहीतर वरचा क्लॅम्प की खालचा, हा पहिलाच प्रश्न अनुत्तरित राहतो.